वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूचा आठवडा : मसल गाड्यांचे शिक्के आणि कागद

ऑगस्टचा तिसरा शनिवार डेट्रॉईटकरांनी वुडवर्ड ड्रीम क्रूझ या जुन्या गाड्यांच्या फेरीसाठी राखून ठेवलेला असतो. १९९५ साली डेट्रॉईटच्या फर्नडेल उपनगरात सॉकरच्या मैदानासाठी पैसे उभे करायला हा घाट घातला गेला. आता फर्नडेलपासून पॉन्टिअकपर्यंत जुन्या गाड्यांची, विशेषतः साठ-सत्तरच्या दशकातल्या मोठ्या इंजिनाच्या 'मसल' गाड्यांची, रीघ लागते. बहुतेक पाहुणे त्याच दिवशी येतात, फोटो काढतात आणि जातात. पण गाड्या नुसत्या बघायच्या नसून तपासायच्या असतील, त्यांची नोंद ठेवायची असेल, तर सोमवारीच येऊन ठेपावं. फोर्ड, क्रायस्लर आणि जनरल मोटर्सच्या निरनिराळ्या ब्रँडांनी आपली दप्तरं सारखी सांभाळलेली नाहीत. कुणाकडे एकेका गाडीची नोंद आजही मिळते, कुणाकडे चिटोरंही नाही. त्यामुळे गाडी अस्सल की नक्कल हे कुठे शोधायचं ते कंपनीगणिक बदलतं. कुठे कागदात, कुठे लोखंडात. या कंपन्यांची गावं एका दिवसाच्या टप्प्यात आहेत, म्हणून हा आठवडा जमतो.

सोबत फार काही लागत नाही. छोटा एलईडी टॉर्च, दांडीचा आरसा, मोबाईलला जोडायचा बोअरस्कोप, रंगाची जाडी मोजायचं यंत्र, सुती फडकी, ब्रेक क्लीनर आणि प्लॅस्टिकची पट्टी. तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर मुळीच आणायचा नाही. साठ वर्षं टिकलेला, धातूत ठोकलेला आकड्यांचा शिक्का दोन मिनिटांत घासून जातो.

सोमवार, डिअरबॉर्न

हेन्री फोर्ड म्युझियम सकाळी साडेनऊला उघडतं. दारातून सरळ मस्टँगकडे जावं. इथली पांढरी कन्व्हर्टिबल म्हणजे अनुक्रमांक एकची मस्टँग. ती १९६४ मध्ये न्यूफाउंडलँडच्या स्टॅन्ली टकर या वैमानिकाला विकली गेली होती. पुढे दहा लाख एकावी मस्टँग त्यांना देऊन फोर्डने ही परत घेतली. फोर्डचा व्हिन, म्हणजे आपल्याकडचा चासी नंबर, वाचायला शिकायचं तर हिच्यासारखा धडा नाही : ५एफ०८एफ१००००१. पहिला ५ म्हणजे १९६५चं मॉडेल, एफ म्हणजे डिअरबॉर्न कारखाना, ०८ म्हणजे कन्व्हर्टिबल, दुसरा एफ म्हणजे २६० घनइंची व्ही-८, आणि मग अनुक्रम. या पद्धतीत इंजिन व्हिनमध्येच येतं, हे फोर्डवाल्यांचं नशीब. १९६९च्या मस्टँगवर ९एफ०२आर अशी सुरुवात दिसली तर ती डिअरबॉर्नची स्पोर्ट्सरूफ (उतरत्या छताची), ४२८ घनइंची कोब्रा जेट इंजिनाची, रॅम एअरसह, म्हणजे बॉनेटमधून थेट बाहेरची हवा घेणारी. आरऐवजी क्यू असेल तर तेच इंजिन, रॅम एअर नाही. बॉस ३०२ला जी, बॉस ४२९ला झेड.

दाराच्या कडेवरची माहितीपट्टी मात्र पुरावा धरू नये. ती नवी छापून देणारे भरपूर आहेत. खरा शिक्का बॉनेटखाली, पुढच्या चाकावरच्या आतल्या पत्र्यावर मारलेला असतो. तो काही ठिकाणी फेंडरने अर्धा झाकलेला असतो, म्हणून आरसा लागतो. शिक्क्याभोवती वेल्डिंगची रेघ दिसली किंवा पत्र्याची जाडी शेजारच्यापेक्षा वेगळी लागली, तर तो तुकडा दुसऱ्या गाडीतून कापून आणलेला असण्याची शंका घ्यावी.

फोर्डचा दुसरा आधार म्हणजे मार्टी रिपोर्ट. १९६७पासूनच्या गाड्यांचा कारखान्यातला डेटा केव्हिन मार्टी यांनी परवान्याने घेतला आणि व्हिन दिला की त्यावरून अहवाल मिळतो. रंग, आतली सजावट, एक्सलचं गुणोत्तर, कुठल्या डीलरला गेली, ऑर्डर कधी आली, गाडी कधी बनली, कधी विकली, सगळं त्यात असतं. हातात अहवाल घेऊन सुट्या भागांच्या तारखा ताडता येतात. फोर्डच्या ओतीव भागावर ९सी१५ असं असेल तर १९६९, मार्च, १५ तारीख. महिन्यांच्या अक्षरांत आय वगळलेलं असतं, म्हणून सप्टेंबर जे होतो. भागाची तारीख गाडीच्या तारखेच्या आधीचीच हवी, साधारण एक-दोन महिन्यांनी. चार दिवस जरी नंतरची निघाली, तरी तो भाग मागाहून बसवलेला.

दुपारी म्युझियममधूनच रूज कारखान्याची बस सुटते. मस्टँग इथे २००४पर्यंत बनत होती, आता एफ-१५० ट्रक बनतो. फिरती जुळणी वरच्या गॅलरीतून बघण्यासारखी आहे, पण मसल गाड्यांच्या दृष्टीने तासाभराचं काम.

मंगळवार, हॅमट्रॅमक

क्रायस्लरचा डॉज मेन कारखाना इथे होता. डॉज बंधूंनी १९१०मध्ये उभारलेला, जानेवारी १९८०मध्ये बंद, नंतर जमीनदोस्त. चॅलेंजर आणि बाराकुडा मुख्यतः याच कारखान्यातून निघाल्या. त्या जागेवर आज जनरल मोटर्सचा फॅक्टरी झिरो आहे आणि तिथून बॅटरीवरचे ट्रक बाहेर पडतात. ४२६ घनइंची हेमी इंजिनाच्या गाड्या जिथे जुळल्या तिथे असं व्हावं याची मोपार मंडळींना, म्हणजे क्रायस्लरच्या गाड्यांच्या शौकिनांना, फार चीड आहे. त्यांच्यासमोर विषय काढू नये. गाव एकेकाळी पोलिश लोकांचं, आता बांगलादेशी आणि येमेनी कुटुंबांनी भरलेलं. दुपारचं जेवण पिरोगीवर करायचं की बिर्याणीवर, एवढाच प्रश्न.

प्रत्यक्ष गाड्या बघायला संध्याकाळी वुडवर्डवर यावं लागतं. शनिवारची वाट कुणीच बघत नाही. सोमवारपासूनच संध्याकाळी दुकानांच्या पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून मंडळी बसलेली असतात. थर्टीन माइल रस्त्याच्या पुढे एक जांभळी १९७०ची 'कुडा, म्हणजे जोरकस इंजिनाची बाराकुडा, उभी होती. रंगाचा कोड एफसी७; क्रायस्लरच्या दोन ब्रँडांपैकी प्लिमथमध्ये (बाराकुडा त्याचीच) इन-व्हायोलेट आणि डॉजमध्ये प्लम क्रेझी. मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, पट्ट्याचं बक्कल आणि अंगठी सांभाळायची, हा इथला शिरस्ता. त्याने हसत बॉनेट उघडलं.

डाव्या आतल्या फेंडरवर दोन स्क्रूंनी बसवलेली छोटी पत्र्याची पट्टी असते, फेंडर टॅग. ती खालून वर वाचायची. नवखे वरून वाचायला लागतात आणि गोंधळतात. सगळ्यात खालच्या ओळीत डावीकडे इंजिन : ई७४ म्हणजे ४२६ हेमी, ई८७ म्हणजे तीन कार्ब्युरेटरांचं ४४० सिक्स बॅरल, ई८६ म्हणजे चार बॅरलच्या, म्हणजे चार नळ्यांच्या, एका कार्ब्युरेटरचं ४४०. मग गिअरबॉक्स : डी२१ चार गिअर, डी३२ ऑटोमॅटिक. मग व्हिनचा पहिला तुकडा. त्याच्या वरच्या ओळीत रंग, आतली सजावट, उत्पादनाची ठरलेली तारीख आणि व्हिनचा उरलेला अनुक्रम. ३२६ असेल तर २६ मार्च. त्याहून वर एकेक ऑप्शन आणि शेवटी 'एंड' ही अक्षरं.

व्हिनची सुरुवात बीएस२३आर०बी अशी असली तर बी बाराकुडाचा, २३ दोन दारांची हार्डटॉप, आर हेमी, ० म्हणजे १९७०, आणि शेवटचा बी हॅमट्रॅमकचा. लॉस एंजेलिसला बनलेल्या गाडीवर तिथे ई. पाचवं अक्षर निर्णायक. तिथे एन असेल तर गाडी ३८३ इंजिनाची जन्मली, मग बॉनेटखाली आज काहीही असो. १९७०मध्ये हेमी 'कुडा हार्डटॉप ६५२ आणि कन्व्हर्टिबल १४ बनल्या, आणि आज हेमी बसवलेल्या 'कुडा त्याहून कितीतरी जास्त फिरतात. त्यात गैर काही नाही. ३८३ची पट्टी असलेल्या गाडीला हेमीचा भाव मागितला की गैर सुरू होतं.

टॅग आणि डॅशबोर्डवरची व्हिनपट्टी पुरेशी नाही. १९६८पासून क्रायस्लरने व्हिनचे शेवटचे आकडे इंजिनावर आणि गिअरबॉक्सवरही मारले. ३८३ किंवा ४४०सारख्या मोठ्या इंजिनांच्या ब्लॉकवर ते प्रवाशाच्या बाजूला, ऑइल पॅनच्या काठावर सापडतात. तिथे तेलाचा थर जमतो. प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडायचा, ब्रेक क्लीनरने भिजवलेल्या फडक्याने पुसायचा, बास. बॉडीवरही दोन शिक्के असतात : एक रेडिएटर सपोर्टवर, दुसरा मॉडेलप्रमाणे काऊलवर, म्हणजे पुढच्या काचेखालच्या पत्र्यावर, किंवा डिकीच्या काठावर. चारही ठिकाणचे आकडे जुळले की मगच बोलणी.

कागद म्हणाल तर ब्रॉडकास्ट शीट. कारखान्यात जुळणीवाल्यांना दिलेला हा ऑप्शनांचा तक्ता मागच्या सीटच्या स्प्रिंगांत, ग्लोव्हबॉक्सच्या वर किंवा गालिच्याखाली अडकून राहिलेला असतो. पण सापडलेली शीट त्याच गाडीची असेल याची हमी नाही. शेजारच्या गाडीची शीट या गाडीत गेल्याची उदाहरणं ढिगाने आहेत, म्हणून आधी व्हिन ताडायचा. आणि कंपनीकडून नोंद मागवायची तर क्रायस्लरच्या ऐतिहासिक विभागात १९६७पर्यंतचीच मिळते. नेमकी ज्या वर्षांपासून गाड्यांना सोन्याचा भाव आला, तिथून पुढे दप्तर नाही.

बुधवार, लान्सिंग आणि हिकरी कॉर्नर्स

डेट्रॉईटहून पश्चिमेला सुमारे ९० मैलांवर लान्सिंग, जनरल मोटर्सच्या ओल्ड्समोबिल ब्रँडचं गाव. आर. ई. ओल्ड्स म्युझियम दीड तासात होतं. १९६४च्या ४-४-२ या ओल्ड्समोबिलच्या नावामागे चार बॅरलचा कार्ब्युरेटर, चार गिअर आणि दोन एक्झॉस्ट होते. पुढच्याच वर्षी पहिल्या चारचा अर्थ ४०० घनइंच असा बदलला गेला. ओल्ड्समोबिलच्या बाबतीत ध्यानात ठेवायचं ते १९७०च्या डब्ल्यू-३०चं, म्हणजे ४-४-२च्या सगळ्यात जोरकस पॅकेजचं. लाल प्लॅस्टिकचे फेंडर लायनर आणि फायबरग्लासचं बॉनेट बघून लोक पैसे मोजतात, पण दोन्ही नव्याने बनवलेली बाजारात मिळतात. सिलिंडर हेडच्या कोपऱ्यात ओतलेलं मोठं अक्षर बघावं. डब्ल्यू-३०ला एफ, साध्या ४५५ला ई.

तिथून साठेक मैलांवर हिकरी कॉर्नर्सचं गिलमोर म्युझियम. नव्वद एकरांचा परिसर, कोठारांत मांडलेल्या चारशेहून जास्त गाड्या, आणि आवारातच १९४१चं सिल्क सिटी बनावटीचं डायनर. बघायला दिवस अपुरा पडतो. पण गाड्या दोरीपलीकडे असल्याने तपासणीचा सराव होत नाही.

गुरुवार, फ्लिंट

जनरल मोटर्सच्याच शेवरोलेने या छंदात सगळ्यांना घाम फोडला आहे. १९६९च्या कमॅरोचा व्हिन १२४३७९एन अशा आकड्यांनी सुरू होतो : व्ही-८ असलेली कमॅरो कूपे, १९६९, नॉरवुड, ओहायो. कुठलं व्ही-८, एसएस आहे की झेड/२८ आहे (या कमॅरोच्या दोन जोरकस आवृत्त्या), काही कळत नाही. आणि अमेरिकेत विकलेल्या गाड्यांची एकेकटी नोंद कंपनीकडे उरलेली नाही. त्या वर्षी झेड/२८ बनल्या २०,३०२. साध्या ३०७ कमॅरोवर पट्टे मारून झेड/२८ करणं हा जुना धंदा आहे. म्हणून इथे लोखंड वाचावं लागतं, आणि ते वाचायला फ्लिंटसारखी जागा नाही, कारण झेड/२८चं ३०२ इंजिन फ्लिंटमध्येच जुळत असे. शिवाय याच आठवड्यात 'बॅक टु द ब्रिक्स' मेळा असतो आणि सॅगिनॉ स्ट्रीटच्या परिसरात शेकड्यांनी शेवी, म्हणजे शेवरोले, उभ्या असतात.

प्रवाशाच्या बाजूच्या सिलिंडर हेडच्या पुढे ब्लॉकचा एक अरुंद सपाट भाग बाहेर डोकावतो. त्याला पॅड म्हणतात. १९६९मध्ये अल्टरनेटर नेमका त्याच बाजूला आला, त्यामुळे सरळ बघून काही दिसत नाही. आरसा मागून घालायचा आणि टॉर्च जवळजवळ आडवा धरायचा. समोरून उजेड टाकला तर खोल शिक्केही पुसल्यासारखे वाटतात. फ्लॅश तर बंदच ठेवावा.

पॅडवर दोन शिक्के हवेत. एक इंजिन कारखान्याचा, उदाहरणार्थ व्ही०११०डीझेड : व्ही फ्लिंट, ०११० म्हणजे १० जानेवारी, डीझेड म्हणजे झेड/२८चं ३०२. दुसरा गाडीच्या कारखान्याचा, १९एन आणि पुढे व्हिनचे शेवटचे सहा आकडे. हे दोन शिक्के दोन गावांत, दोन वेगळ्या हत्यारांनी मारलेले. म्हणून त्यांची अक्षरं, खोली आणि तिरकेपणा थोडा निराळा असतो. दोन्ही एकाच हातचे, एका ओळीत, सुबक दिसले की संशय घ्यावा. मग पॅडचा पृष्ठभाग. कारखान्यात तो ब्रोचिंगने, म्हणजे दातेरी हत्यार सरळ ओढून, कापला जाई आणि पुढून मागे जाणाऱ्या बारीक, समांतर रेघा उमटत. त्या रेघा शिक्क्यांच्या खालून सलग गेलेल्या दिसायला हव्यात. इंजिन दुरुस्तीत डेक, म्हणजे ब्लॉकचा हेड बसतो तो पृष्ठभाग, मशीनवर घेतला असेल तर गोल फिरलेले ओरखडे दिसतात आणि मूळ शिक्का गेलेला असतो. त्यावर पुन्हा मारलेला शिक्का कितीही खरा आकडा सांगत असो, तो मूळ नव्हे.

आता तारखांची साखळी. ब्लॉकच्या मागच्या पट्टीवर ओतकामाची तारीख असते, ए ३ ९ म्हणजे ३ जानेवारी १९६९. मग पॅडवरची १० जानेवारी. मग काऊलवरच्या बॉडी टॅगवर ०१सी, जानेवारीचा तिसरा आठवडा. ओतकाम, जुळणी, गाडी, याच क्रमाने. नॉरवुडने डिसेंबर १९६८पासून टॅगवर एक्स कोडही घातला. एक्स३३ किंवा एक्स७७ असेल तर झेड/२८. कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइस कारखान्याच्या गाड्यांवर हा कोड नसतोच, त्यामुळे तिथे टॅगवर विसंबता येत नाही. मागच्या एक्सलच्या उजव्या नळीवर बीयू, म्हणजे ३.७३ गुणोत्तराचा पॉझिट्रॅक्शन एक्सल. कार्ब्युरेटर हॉली ४०५३. गाडीसोबत वॉरंटीच्या पुस्तकातली प्रोटेक्ट-ओ-प्लेट ही धातूची पट्टी मिळाली तर नशीबच.

जनरल मोटर्सचीच ब्युइक याच गावची. १९७०च्या जीएस ४५५चा व्हिन ४४६ने सुरू होतो, पण स्टेज १, म्हणजे जास्त ताकदीचं ४५५ इंजिन, आहे का ते व्हिन सांगत नाही. इंजिनावर एसएस हवं, साध्या ४५५ला एसआर. त्या वर्षीच्या जीएसएक्स फक्त ६७८, पिवळ्या किंवा पांढऱ्या. दुसऱ्या रंगाची १९७०ची जीएसएक्स कुणी दाखवली तर पुढे चालू लागावं.

शुक्रवार, पॉन्टिअक आणि रॉयल ओक

फ्लिंटहून दक्षिणेला पस्तीसेक मैलांवर पॉन्टिअक, जनरल मोटर्सच्या त्याच नावाच्या ब्रँडचं गाव. जनरल मोटर्सचा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. जॉन डिलोरियन, बिल कॉलिन्स आणि रस गी या पॉन्टिअकच्या इंजिनिअरांनी १९६४मध्ये टेम्पेस्ट या मध्यम गाडीत ३८९ घातलं आणि नियमातून पळवाट काढायला जीटीओ हे वेगळं मॉडेल न करता ऑप्शन केलं. पहिल्या वर्षी ३२,४५० खपल्या. त्या पळवाटेची किंमत आजचे ग्राहक मोजतात : १९६४ आणि १९६५च्या व्हिनवर जीटीओचा पत्ताच नाही. १९६६मध्ये ती स्वतंत्र मॉडेल झाली आणि व्हिन २४२ने सुरू होऊ लागला.

पण शेवरोलेपेक्षा पॉन्टिअकवाले सुखी, कारण कारखान्याच्या बिलांची मायक्रोफिल्म वाचली. पॉन्टिअक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून १९६१पासूनच्या गाड्यांच्या बिलाची प्रत मिळते. १९६४ची जीटीओ त्या प्रतीशिवाय घेऊच नये. ट्राय-पॉवरची तीन कार्ब्युरेटर आजही सहज मिळतात, बसवायला एक दुपार पुरते. बिलात ट्राय-पॉवर नसेल आणि ब्लॉकवर ७६एक्सऐवजी ७८एक्स असेल, तर ती चार बॅरलची गाडी.

या पद्धतीला एकच छेद रॉयल ओकमध्ये मिळतो. इथल्या रॉयल पॉन्टिअक या डीलरकडे जीटीओला 'बॉबकॅट' उपचार होई : पातळ हेड गॅस्केट, इनटेकची गरम वाट बंद करणारं गॅस्केट, मोठे जेट, डिस्ट्रिब्युटरचा बदललेला अ‍ॅडव्हान्स, रॉकरना लॉक नट. हे सगळं कारखान्याबाहेर झालेलं, त्यामुळे बिलात त्याचा उल्लेख येणं शक्यच नाही. खऱ्या बॉबकॅटला डीलरची पावती लागते. नुसत्या स्टिकरवर विश्वास ठेवणाऱ्यांनी पाकीट घरी ठेवावं.

मुक्कामाला ट्रॉय किंवा नोवाय बरं पडतं. तिथे गाडी कंपन्यांत काम करणारी मराठी कुटुंबं पुष्कळ, आणि आठवडाभर बर्गरवर काढल्यावर वरण-भात मिळण्याची शक्यता तिथेच जास्त.

शनिवार, वुडवर्ड

आज तपासणी नाही, गाडी चालवायची. वुडवर्डवर डावीकडे वळता येत नाही. पुढे जाऊन दुभाजकातून उलटं वळायचं, म्हणजे 'मिशिगन लेफ्ट'. नवख्याची इथेच तारांबळ उडते.

गर्दीत ताशी पाच मैलांनी सरकताना गाड्या तापतात आणि बहुतेक वेळा रेडिएटर निर्दोष असतो. पंख्याभोवतीचं कवच, म्हणजे श्राऊड, काढून फेकलेलं असतं. उभ्या गाडीत हवा फक्त पंखाच ओढतो. पाती निम्मी श्राऊडच्या आत, निम्मी बाहेर असली की सगळी हवा रेडिएटरमधून येते. पंख्याचा क्लच सैल झालाय का ते गरम इंजिन बंद करून बघावं : पंखा दोन-तीन फेऱ्या मोकळा फिरला तर क्लच गेला.

थांबून पुन्हा सुरू न होणं हा दुसरा रोग. दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल गरम कार्ब्युरेटरच्या वाटीत उकळतं आणि इनटेकमध्ये ओसंडतं. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर पंप करायचा नाही. पूर्ण दाबून धरायचा आणि स्टार्टर मारायचा. कायमचा उपाय म्हणजे कार्ब्युरेटरखाली उष्णता अडवणाऱ्या फिनोलिक प्लॅस्टिकचा स्पेसर आणि पेट्रोलची नळी मॅनिफोल्डपासून दूर. मिशिगनमध्ये काही पंपांवर ९० ऑक्टेनचं बिनइथेनॉल पेट्रोल मिळतं, पण साडेदहा कॉम्प्रेशनच्या इंजिनाला ते एकटं पुरत नाही, खडखड ऐकू येते.

मोपारचा धोका वेगळा. चार्जिंगचा सगळा करंट फायरवॉलच्या कनेक्टरमधून डॅशबोर्डवरच्या अ‍ॅमीटरकडे जातो आणि परत येतो. पन्नास वर्षांत टर्मिनल गंजली की रोध वाढतो आणि प्लॅस्टिक वितळतं. रात्री दिवे आणि हीटरचा पंखा चालू ठेवून हळू चालताना डॅशखाली हात लावून बघावा. कनेक्टर गरम लागला तर तिथेच थांबावं.

रात्री स्क्वेअर लेक रस्त्याच्या चौकापर्यंत जावं. टेड्स ड्राइव्ह-इन इथे होतं, रॉयल ओकला टोटेम पोल. साठच्या दशकात या दोन टोकांमध्ये शर्यती लागत आणि डेट्रॉईटचे इंजिनिअर कारखान्यातली इंजिनं रात्री इथेच आजमावत.

रविवार, हॉटेलची खोली

आठवड्याचे फोटो लावायचं काम आजच उरकावं, घरी गेल्यावर कुठला शिक्का कुठल्या गाडीचा ते आठवत नाही. प्रत्येक गाडीचा पहिला फोटो पूर्ण गाडीचा, दुसरा डॅशवरच्या व्हिनचा. मग टॅग, इंजिनाचा शिक्का, ओतकामाची तारीख, गिअरबॉक्स, एक्सल, कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर. प्रत्येक शिक्क्याचे दोन फोटो : एक जवळून, एक लांबून, म्हणजे तो कुठल्या भागावर आहे ते कळेल. दुसऱ्याच्या गाडीचा फोटो कुणाला पाठवायचा तर व्हिनचे शेवटचे आकडे झाकावेत. पूर्ण आकड्यांवरून खोट्या पट्ट्या बनतात.

बिल्ड शीट, म्हणजे मंगळवारच्या ब्रॉडकास्ट शीटसारखा कारखान्यातला तक्ता, सापडली तर काढण्याआधी ती स्प्रिंगांत किंवा टाकीवर अडकलेली असतानाच फोटो घ्यावा. नंतर ती त्याच गाडीतून निघाली हे दुसऱ्या कशानेही सिद्ध होत नाही. कडक झालेली घडी कोरडी उलगडू नये. बंद डब्यात ओल्या स्पंजशेजारी, स्पर्श न होऊ देता, मऊ होईपर्यंत ठेवावी आणि मग हळूहळू उघडावी. लॅमिनेशन तर मुळीच नाही. पॉलिएस्टरच्या पारदर्शक खिशात, आम्लरहित कागदाला टेकवून, अंधारात. मूळ शीट गाडीत ठेवायची नाही, गाडीत प्रत.